मेळघाटले जायचं ना, मग आधी कागद काढा!

“उद्या रविवार. चिखलदरा?”

ऑगस्टमधल्या एका शनिवारी रात्री साडेदहाला आमच्या मजल्यावर कोणीतरी एवढंच बोललं आणि पाच मिनिटांत अकरा जणी तयार! कुठल्या रस्त्यानं जायचं, परत कधी निघायचं, पाऊस लागला तर काय, यातला एकही प्रश्न कोणी विचारला नाही. मीसुद्धा नाही. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी एक क्रुझर ठरली, गेटवरच्या रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात ‘बाजार’ असं लिहिलं आणि आम्ही निघालो.

परतवाड्यापर्यंत गाणी, भेंड्या, सगळं झकास. पुढे धामणगाव गढी ओलांडली आणि घाटात गाड्यांची रांग लागली. अमरावती, अकोला, नागपूर, बैतूल... जणू सगळ्यांनीच आदल्या रात्री साडेदहाला ‘चिखलदरा?’ असं विचारलं होतं! वर पोचायला दीड वाजला. देवी पॉइंटला धुकं एवढं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. भीमकुंडाला पाण्याचा आवाज आला, पाणी काही दिसलं नाही. माझ्या मोबाईलमध्ये त्या दिवसाचे चाळीस फोटो आहेत, चाळीसही पांढरे. मक्याचं कणीस खाल्लं, भजी खाल्ली, चार वाजता निघालो तर पुन्हा रांग. अंधार पडला तेव्हा आम्ही घाटातच होतो. ड्रायव्हरदादांना रस्त्याची कड दिसेना, म्हणून आमच्यातल्या दोघी मोबाईलचा टॉर्च लावून गाडीपुढे चालत होत्या. आज ते आठवलं तरी पोटात गोळा येतो.

होस्टेलच्या गेटवर पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. वॉचमन काका म्हणाले, “काहो पोरीहो, बाजार कुठी भरला होता आज? मॅडम दोन खेपा येऊन पाहून गेल्या.”

दुसऱ्या दिवशी अकरा घरी फोन गेले. माझ्या बाबांनी फोनवर एकच वाक्य ऐकवलं, “सांगून गेली असती तर मी नाही म्हटलं असतं का?” त्या एका वाक्यापुढे रेक्टर मॅडमचं अर्धा तासाचं भाषण काहीच नव्हतं. आणि सूचनाफलकावर कागद लागला की मुलींच्या वसतिगृहातून बाहेरगावच्या सहली पुढील सूचनेपर्यंत बंद.

मुलांच्या होस्टेलला असा कागद लागला नाही, कारण तिकडे कोणी विचारतच नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चार बाईकवर आठ पोट्टे रात्री दोन वाजता ‘सनराइज’ पाहायला निघाले. घाटातल्या एका वळणावर बारीक गिट्टी होती, एक गाडी घसरली. मागे बसलेल्याचं कॉलरबोन मोडलं. मोबाईलला रेंज नाही, रस्त्यावर कोणी नाही. तासाभरानं एका गवळ्याची दुधाची गाडी खाली जात होती, तिनं त्याला परतवाड्यापर्यंत आणलं. होस्टेलला ही गोष्ट कळली दुसऱ्या दिवशी दुपारी. तो आता ठणठणीत आहे, माझ्याच वर्गात आहे, आणि हा लेख लिहायला त्यानंच मला सांगितलं. नाव मात्र टाकू नको म्हणाला.

या दोन्ही गोष्टींत मेळघाटचा दोष काडीचा नाही. दोष आमचा. आणि थोडा, राग मानू नका, परवानगी देणाऱ्यांचाही. विचारलं तर ‘नाही’ हेच उत्तर येणार असेल, तर पोरं विचारणं सोडतात, जाणं सोडत नाहीत. म्हणजे बंदीमुळे सहली थांबल्या नाहीत, फक्त त्यांचा पत्ता कोणाला राहिला नाही. याच विषयावर मला दोन शब्द बोलायचे आहेत, विद्यार्थ्यांशी आणि सरांशी-मॅडमशी सुद्धा.

आधी आपण नेमके कुठं जातो ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांसाठी मेळघाट म्हणजे चिखलदरा आणि चिखलदरा म्हणजे पॉइंटांची यादी. देवी पॉइंट, पंचबोल, मोझरी, हरिकेन, झालं! पण चिखलदरा हे गावाएवढं ठिकाण आहे. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ते पडलं आणि पुढे थंड हवेचं ठिकाण झालं. त्याच्या भोवती जे पसरलं आहे ते खरं मेळघाट. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं, महाराष्ट्रातलं एकमेव. १९८७ साली त्यातल्या सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान झालं. गाभा आणि बफर दोन्ही धरले तर आज हा व्याघ्र प्रकल्प २७०० चौरस किलोमीटरच्या वर जातो. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या इथून निघून तापीला मिळतात. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. अमरावतीत त्याच नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पण तिथल्या माझ्या मैत्रिणीलाही या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता!

तर मुद्दा असा की, आम्ही अकरा जणी त्या दिवशी ‘जंगल पाहायला’ निघालो होतो आणि जंगलात गेलोच नव्हतो. जाताही आलं नसतं. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला धुकं, धबधबे आणि गर्दी मिळते. ते हवं असेल तर जरूर जा, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी जा आणि दुपारी तीनला उतरायला लागा. जंगल हवं असेल तर हिवाळा धरा. प्राणीच पाहायचे असतील तर मार्च ते मे, कारण नाले आटले की जनावरं पाणवठ्यावर येतात. पण मग ऊन सोसायची तयारी ठेवा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायचा कार्यक्रम वनविभाग घेतो, त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. म्हणजे पहिला प्रश्न ‘कधी निघायचं’ हा नाहीच. ‘आपल्याला काय पाहायचं आहे’ हा आहे. तो सुटला की महिना आपोआप ठरतो.

मी मूळची अकोटची. आमच्या गच्चीवरून मेळघाट उत्तरेला दिसतो, निळ्या भिंतीसारखा. अमरावतीकर परतवाड्यावरून त्याच्यावर चढतात, आम्ही अकोलेकर पोपटखेड-शहानूरवरून. लहानपणी आम्ही अकोट-खंडवा छोट्या गाडीनं मामाकडे जायचो. धूळघाटला गाडी डोंगराला असा वळसा घालायची की खालून आलेला रूळ थोड्या वेळानं आपल्याच पायाखाली दिसायचा. बाबा दर वेळी खिडकीतून दाखवायचे, “ते पाहा, आत्ता आपण तिथं होतो!” त्या वेळी इंजिनिअरिंग हा शब्दही माहीत नव्हता, पण मी स्थापत्य शाखा घेतली त्याचं मूळ मला तिथं सापडतं.

ती मीटरगेज गाडी जानेवारी २०१७ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेज २०२२ मध्ये सुरू झालं, पण पुढचा रूळ जंगलातून न्यायचा की जंगलाबाहेरून, यावर कितीतरी वर्षं वाद झाला. जुनी वाट सरळ होती, तयार होती. पण ती वाघांच्या जंगलाच्या मधून जात होती, आणि रुंदीकरणानंतर गाड्या जास्त आणि वेगानं धावल्या असत्या. शेवटी लांबचा पडला तरी जंगलाबाहेरचा मार्ग घ्यायचा निर्णय झाला. माझ्या आजीला हे पटत नाही. तिची गाडी गेली ती गेलीच. तिचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण आपण भावी इंजिनिअर आहोत, तेव्हा एवढं लक्षात ठेवू या : नकाशावरची सर्वांत जवळची रेघ प्रत्येक वेळी बरोबर नसते. मोठ्या रेल्वेला जर जंगल पाहून आपला रस्ता बदलावा लागतो, तर अकरा पोरींच्या क्रुझरनं आपलं वेळापत्रक बदलायला काय हरकत आहे?

आता दुसऱ्या सहलीची गोष्ट. तिसऱ्या वर्षाच्या जानेवारीत मी आणि दोघी मैत्रिणी रेक्टर मॅडमकडे गेलो. या वेळी हातात एक कागद होता. त्यात तारीख, येण्याजाण्याच्या एसटीच्या वेळा, मुक्कामाचं ठिकाण, सहा जणींची नावं, घरचे नंबर आणि घरच्यांची संमती, सगळं लिहिलं होतं. सोबत येणाऱ्या मॅडमचं नावही होतं. मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, “सेमाडोहला रेंज नसली तर?” आम्ही म्हटलं, परतवाड्याहून निघताना एक फोन, दुसऱ्या दिवशी परतवाड्याला उतरल्यावर दुसरा फोन, आणि संध्याकाळी सहापर्यंत तो आला नाही तर मुक्कामाच्या ठिकाणी विचारायचं. मॅडम हसल्या आणि सही केली. बंदीचा कागद अजून फलकावर होता बरं का!

म्हणजे ‘नाही’ हे उत्तर आमच्या जाण्याला नव्हतं, आमच्या ‘माहीत नाही’ला होतं. हे मला त्या दिवशी कळलं. मुलींसाठी तर हे जास्तच खरं आहे. मुलगा न सांगता गेला तर ‘पोट्टा आहे, चालायचंच’. मुलगी गेली तर सगळ्या मुलींना बंदी. हा न्याय मला मान्य नाही आणि तो बदलायला हवा, पण तोवर कागद हे आपलं हत्यार आहे, मैत्रिणींनो.

तयारीतली काही उपयोगाची माहिती सांगते. अमरावती ते परतवाडा पन्नासेक किलोमीटर, तिथून दोन वाटा फुटतात. एक धामणगाव गढीवरून चिखलदऱ्याला, दुसरी बिहाली-घटांगवरून सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत धारणीकडे. जंगलासाठी आम्ही दुसरी धरली. गाडी करण्यापेक्षा एसटी बरी, कारण ड्रायव्हर घाटाचा रोजचा असतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मुक्काम आणि सफारीचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं, ओळखपत्र मूळ लागतं. आयत्या वेळी फाटकावर जाऊन ‘दादा, काही होईल का’ म्हणणं म्हणजे परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडणं. सफारीच्या जिप्सीत सहा जण बसतात आणि भाडं गाडीचं असतं, म्हणून सहाचा किंवा बाराचा गट करा, खिशाला परवडतं. बाईकनं जाणार असाल तर पेट्रोल परतवाड्यालाच भरा. पाण्याची बाटली, टॉर्च, पट्टी-मलम आणि थंडीचे कपडे घ्या. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या. एवढ्या चढानंतर हवा बदलणारच. आमच्यातली एक फेब्रुवारी म्हणजे उन्हाळा समजून आली होती, ती रात्रभर मॅडमच्या शालीत बसली.

आणि आणखी एक, ग्रंथालयात जा. ज्यांना आपण अरण्यऋषी म्हणतो ते मारुती चितमपल्ली मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांचं एक पुस्तक वाचून गेलात तर जंगलात गेल्यावर नुसतं ‘झाडं’ दिसणार नाहीत, साग, अर्जुन, धावडा, मोहा दिसतील.

फेब्रुवारीतल्या शनिवारी आम्ही सेमाडोहला उतरलो. संध्याकाळी सिपनेच्या पाण्यात पाय सोडून बसलो. कोणी गाणं लावलं नाही. लावायचं नाही असं ठरलं नव्हतं, तिथं ते कोणाला सुचलंच नाही. पहाटे सफारी. सागाची पानं गळायला लागली होती, त्यामुळे लांबवर दिसत होतं. आमच्यासोबत कोरकू गाईडदादा होते. त्यांनी रानगवे दाखवले, काळेभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. सांबर दाखवलं, अस्वलानं उकरलेलं वारूळ दाखवलं. वाघ? नाही दिसला. वाटेच्या मातीत पंजाचा ठसा दिसला, त्याच्यावर रात्रीचं दव पडलेलं. दादा म्हणाले, “रात्रीच गेला. त्यानं तुमाले पाहिलं असन, तुमी त्याले नाही.” ताडोब्यासारखा वाघ इथं सहज दिसत नाही. डोंगर उभे आहेत, दऱ्या खोल आहेत, त्याला लपायला जागा भरपूर आहे. वाघ पाहिला तरच पैसे वसूल असं ज्यांना वाटतं त्यांनी मेळघाटला येऊन स्वतःला आणि गाईडला त्रास देऊ नये.

पुढे एका मोकळ्या गवताळ जागेवर जिप्सी थांबली. मधेच एक मोठा आंबा उभा होता. जंगलात आंबा एकटा कसा, असं मी विचारलं. दादा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, इथं गाव होतं. हा आंबा माह्या आजोबानं लावेल होता.”

ते ऐकून मी गप्प झाले, कारण मला त्या गोष्टीचं दुसरं टोक माहीत होतं. मेळघाटच्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उठवून आमच्या अकोट तालुक्यात वसवली. त्यानंतर आणखी गावं आली. माझ्या शाळेत त्या गावांतली मुलं होती. आम्ही त्यांच्या मराठीला हसायचो. त्यांची भाषा कोरकू, ती मुंडा कुळातली, मराठीशी किंवा हिंदीशी तिचं नातं नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसनावर नाराज असलेली काही कुटुंबं आपल्या जुन्या गावी परत गेली, तेव्हा जंगलात गावकरी आणि वनकर्मचारी यांच्यात मोठी झटापट झाली होती. आमच्या अकोटात तेव्हा बरेच दिवस तोच विषय. जी जागा रिकामी झाली तिथं आज गवत आहे, गवतावर गवे आहेत, गव्यांमागे वाघ आहे. हे चांगलं झालं असं मला वाटतं. पण त्याची किंमत कोणी दिली, हेही त्या आंब्याखाली उभं राहिल्यावर विसरता येत नाही. आपण तिथं दोन दिवसांचे पाहुणे. ज्यांनी घर सोडलं त्यांच्या अंगणात आपण चिप्सची पाकिटं टाकून येतो!

म्हणून काही गोष्टी स्पष्टच लिहिते. माकडांना खायला देऊ नका. रस्त्यावर गाड्यांची वाट पाहत बसलेली माकडं आपणच तयार केली आहेत, आणि ती गाडीखाली येतात. हॉर्न वाजवू नका, पण वळणावर वेग कमी करा. बाटल्या फोडू नका, हे इंजिनिअरिंगच्या मुलांना लिहून सांगावं लागतं याची लाज वाटते. होळीच्या दिवसांत गेलात तर कोरकू बायामाणसं रस्त्यात ‘फगवा’ मागतील. ती लूटमार नाही, तो त्यांचा सण आहे. दहावीस रुपये सुटे ठेवा, हसून द्या, जमलं तर दोन मिनिटं नाच पाहा. गाईडला ‘ए’ म्हणून हाक मारू नका. आणि ‘जरा जवळ घ्या ना’ असा आग्रह ड्रायव्हरला करू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना दोन्ही बाजूंनी अडवलं. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. निलंबित झाले ते गाईड आणि ड्रायव्हर. मागे बसून आग्रह करणारे पर्यटक आपापल्या घरी गेले.

माझ्या अकोलेकर मित्रांना एक सांगणं. तुम्ही अमरावतीला फेरा मारून चिखलदऱ्यालाच का जाता? अकोल्याहून अकोट ४५ किलोमीटर, पुढे वीसेक किलोमीटरवर शहानूर, आणि वर नरनाळा. महाकाली दरवाजा, नऊगजी तोफ, तलाव, आणि सभोवार जंगल. वाटेत इतिहासही आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला आमच्या शेजारच्या अडगावला इंग्रज-मराठ्यांची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. दोन्हीकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता, ज्यानं पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. पाठ्यपुस्तकातलं युद्ध आपल्या एसटीच्या रस्त्यावर झालं होतं, हे आपल्याला माहीत नसतं! श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडला महादेवाची यात्रा असते, तेव्हा हजारो भाविक जंगलातून जातात. श्रद्धेनं जा, पण ती यात्रा आहे, ट्रेक नव्हे. त्या दिवशी जंगल पाहायला जाऊ नका, आणि यात्रेला गेलात तर प्लास्टिक परत आणा.

आता सरांना आणि मॅडमना नम्र विनंती. सहलींवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा प्रत्येक वसतिगृहाच्या ऑफिसमध्ये एक वही ठेवा. मुलांच्या आणि मुलींच्या, दोन्ही. त्यात जाणाऱ्यांनी पाच प्रश्नांची उत्तरं लिहावीत :

१) काय पाहायला जातोय, आणि त्यासाठी हा महिना बरोबर आहे का?
२) कशानं जाणार, आणि घाट अंधाराआधी उतरणार का?
३) मुक्काम आणि बुकिंग कुठं?
४) रेंज नसेल तिथं आधीचा आणि नंतरचा फोन कोणाला, किती वाजता?
५) सोबत काय नेणार, आणि त्यातलं काय परत आणणार?

पाचही उत्तरं असतील तर सही करा. एखादं नसेल तर ‘नाही’ म्हणू नका, ‘लिहून आणा’ म्हणा. हिवाळ्यात प्रत्येक वसतिगृहाची एक सहल कॉलेजतर्फे मेळघाटला जावी, सोबत एक सर किंवा मॅडम असाव्यात. आमच्यासोबत आलेल्या मॅडम वीस वर्षं अमरावतीत आहेत, त्यांनीही गवा पहिल्यांदाच पाहिला. परतीच्या एसटीत त्या आमच्यापेक्षा जास्त बोलत होत्या!

काही जण म्हणतील, एवढं सगळं लिहून गेलं तर मजा काय राहिली? अचानक जाण्यातच थ्रिल असतं. मी दोन्ही करून पाहिलं आहे. थ्रिलच्या सहलीतून माझ्याकडे चाळीस पांढरे फोटो आले. कागदाच्या सहलीतून फोटो फार नाहीत, कारण मी काढलेच नाहीत. पण दवात भिजलेला तो पंजा आणि तो आंबा डोळे मिटले तरी दिसतो. आणि माझा तो वर्गमित्र अजूनही पावसाळ्यात खांदा चोळत म्हणतो, “पाच ओळी लिहून गेलो असतो तर दुधाच्या गाडीची वाट पाहाव लागली नसती.”

तेव्हा पुढच्या शनिवारी रात्री साडेदहाला कोणी ‘चिखलदरा?’ म्हणालं, तर नाही म्हणू नका. फक्त एक पेन आणि एक कागद काढा. मेळघाट कुठं पळून चाललं नाही, एक आठवडा थांबेल.

बघा, पटतंय का!

– एक अकोटकर, अंतिम वर्ष, स्थापत्य